भगंदराचं ऑपरेशन आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. तुमच्यावर नेमकी कोणती पद्धत वापरायची हे प्रत्यक्ष तपासणारा सर्जनच ठरवेल. पण तो निर्णय तुम्हाला समजावा आणि त्यावर चार प्रश्न विचारता यावेत, एवढं या पानातून नक्की मिळेल.

१. भगंदर म्हणजे मूळव्याधच ना? गावात सगळे एकच समजतात.

नाही. मूळव्याधीत रक्तवाहिन्यांचे कोंब फुगतात, फिशरमध्ये कातडीला चीर पडते आणि भगंदरात एक नळी तयार होते. गुदद्वाराच्या आत सुमारे २ सेंमीवर एक दातेरी रेषा असते. तिथे ६ ते १० बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. एखादी ग्रंथी तुंबली की तिच्यात पू होतो, तो स्नायूंमधून वाट काढत कातडीपर्यंत येतो आणि गळू दिसायला लागतं. गळू फुटलं किंवा फोडलं तरी आतल्या ग्रंथीपासून कातडीपर्यंतची वाट तशीच राहते. तीच भगंदराची नळी. तिला एक तोंड आत आणि एक बाहेर असतं. बाहेरचं तोंड सगळ्यांना दिसतं. आजार मात्र आतल्या तोंडातून चालू राहतो, आणि या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी त्या आतल्या तोंडापाशीच येतात.

२. गळू फुटलं, पू निघून गेला, आता काहीच दुखत नाही. तरी ऑपरेशन कशाला?

दुखणं थांबतं कारण आतला दाब गेलेला असतो. गुदद्वाराजवळचं गळू रिकामं केल्यावर साधारण तीनातल्या एकापासून ते निम्म्या रुग्णांपर्यंत भगंदर राहतं, बाकीच्यांची जखम भरून विषय संपतो. म्हणून गळू फुटल्यावर लगेच घाई नको, पण सहा-आठ आठवड्यांनीही थेंब थेंब पू येत असेल, चड्डीला डाग पडत असतील, किंवा तोंड बंद होऊन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ठणका लागत असेल तर नळी आहे असं समजून दाखवा.

भगंदर दोन आठवडे थांबू शकतं, गळू थांबू शकत नाही. बसता येत नाही, थंडी वाजून ताप, लघवी अडणं, सूज अंडकोषाकडे किंवा मांडीकडे पसरणं, कातडी काळपट होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर रात्र काढू नका. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकवर थांबणं धोक्याचं आहे, कारण साचलेला पू चिरा दिल्याशिवाय निघत नाही.

३. गोळ्या, मलम, इंजेक्शन, पथ्य यांनी बरं होत नाही का?

नेहमीचं, ग्रंथीपासून झालेलं भगंदर मोठ्या माणसात औषधाने बंद होत नाही. अँटिबायोटिकने सूज उतरते आणि तोंड काही दिवस मिटतं, त्यालाच लोक बरं झालं म्हणतात. "विना ऑपरेशन खात्रीशीर" अशा पाट्या लावून तिथे कसलंतरी जळजळीत इंजेक्शन किंवा द्रव टोचणाऱ्यांकडे जाऊ नका. त्याने कातडी आणि स्नायू भाजतात, जागा आक्रसते आणि पुढच्या सर्जनला मूळ नळी शोधणं कठीण होतं. क्षारसूत्र ही वेगळी गोष्ट आहे, ती प्रश्न ८ मध्ये पाहा. टीबी आणि क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) यांत औषध हाच उपचाराचा पाया असतो, त्यासाठी प्रश्न १५ आणि १६.

४. कुणाचं भगंदर "साधं" आणि कुणाचं "अवघड" हे कशावरून ठरतं?

नळीने किती स्नायू ओलांडला आहे त्यावरून. गुदद्वाराभोवती दोन कडी असतात. आतलं कडं आपोआप आवळलेलं राहतं, बाहेरचं आपण इच्छेने आवळतो. दवाखान्यात यांना स्फिंक्टर म्हणतात. वायू, पातळ आणि घट्ट शौच रोखून धरण्याचं काम ही कडी करतात.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले सर्जन ॲलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये केलेले चार प्रकार आजही वापरले जातात: दोन कड्यांच्या मधूनच खाली उतरणारी नळी, दोन्ही कडी भेदून जाणारी, बाहेरच्या कड्याच्या वरून वळसा घेणारी, आणि कड्यांच्या पूर्ण बाहेरून गुदाशयाला जाणारी. पहिला आणि दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. बाहेरच्या कड्याचा साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी भाग नळीखाली येत असेल तर ती खालची, म्हणजे साधी. त्याहून वर गेली, फाटे फुटले, दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालासारखी पसरली, आधी ऑपरेशन झालेलं असलं, बाईमाणसात पुढच्या बाजूला असली, किंवा टीबी, क्रोन्स यांसारखं कारण असलं की ती अवघड धरायची.

बाहेर किती भोकं आहेत एवढ्यावरून हे ठरत नाही. एकच बारीक तोंड असून आत मोठा पसारा असू शकतो.

५. एमआरआय सगळ्यांनाच लागतो का? आणि रिपोर्टात "६ वाजता" लिहिलंय, त्याचा अर्थ काय?

अगदी वरवरची, बोटाला दोरीसारखी लागणारी पहिलीच नळी असेल तर अनुभवी सर्जन एमआरआयशिवाय पुढे जाऊ शकतो. पुन्हा झालेलं भगंदर, उंच वाटणारी नळी, एकापेक्षा जास्त तोंडं, मधुमेह, टीबीची शंका यांत मात्र एमआरआय करूनच ऑपरेशन ठरवा. इथे वाचवलेला खर्च पुढच्या ऑपरेशनात दुपटीने जातो. औषध सोडून एक्स-रे काढण्याची जुनी तपासणी अजून काही ठिकाणी सांगितली जाते. तिच्यात स्नायू दिसतच नाहीत, त्यामुळे तिच्यावर निर्णय होत नाही. गुदद्वारातून करायची सोनोग्राफी चांगली आहे, पण ती करणारा हात तयार हवा.

रिपोर्टातलं घड्याळ असं: रुग्ण पाय वर घेऊन उताणा झोपला आहे असं धरा. १२ म्हणजे जननेंद्रियाकडची बाजू, ६ म्हणजे माकडहाडाकडची, ३ म्हणजे रुग्णाची डावी आणि ९ म्हणजे उजवी. रिपोर्टात पाच गोष्टी शोधा: आतलं तोंड किती वाजता आणि किती उंचीवर, नळीचा प्रकार, फाटे, साठलेला पू, आणि वरच्या स्नायूपडद्याच्या पलीकडे काही गेलं आहे का. यातली आतल्या तोंडाची ओळच रिपोर्टात नसेल तर रेडिओलॉजिस्टशी बोलायला सर्जनला सांगा. रिपोर्टच्या कागदाबरोबर फिल्म किंवा सीडीही जपून ठेवा, कारण सर्जनला चित्र स्वतः पाहायचं असतं.

६. नळी "उघडायची" म्हणजे नक्की काय करतात? किती दिवस लागतात?

याला फिस्टुलोटॉमी म्हणतात. साध्या, खालच्या भगंदरासाठी याहून खात्रीची पद्धत आजही नाही. योग्य रुग्णात दहातले नऊहून जास्त जण एकाच ऑपरेशनात बरे होतात.

मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. बाहेरच्या तोंडातून हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा निळा रंग सोडतात आणि आत दुर्बीण धरून बुडबुडे किंवा रंग कुठे येतो ते पाहतात. तेच आतलं तोंड. मग बोथट सळई हलक्या हाताने एका तोंडातून दुसऱ्यात नेतात. इथे जोर लावला की सळई भलतीकडे घुसते आणि नवीन, खोटी वाट तयार होते. पुन्हा होणाऱ्या कितीतरी भगंदरांची सुरुवात या एका जोरात असते. सळई बसली की तिच्यावरची कातडी आणि थोडा स्नायू उघडतात, नळीचं अस्तर खरवडतात, फाटे शोधतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात. काही सर्जन जखमेच्या कडा खालच्या थराला शिवून घेतात. त्याने जखम लहान राहते आणि लवकर भरते. जखम उघडीच ठेवतात, ती तळापासून वर भरत येते. बहुतेकांना ४ ते ८ आठवडे लागतात.

पूर्ण नळी कापून काढणं, म्हणजे फिस्टुलेक्टॉमी, ऐकायला जास्त पक्कं वाटतं. प्रत्यक्षात खड्डा मोठा होतो, भरायला वेळ जास्त लागतो आणि पुन्हा होण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही.

७. डॉक्टरांनी फक्त रबरी दोरा घालून सोडलं. ऑपरेशन अर्धवट केलं का?

नाही. तो सैल सीटॉन आहे. उंच नळी एका बैठकीत उघडली तर बराच स्नायू कापला जातो, आणि नंतर वायू आवरत नाही, कपडे खराब होतात. गेलेला स्नायू पूर्ववत करणं फार अवघड. म्हणून आधी दोरा घालतात. त्याने तोंड बंद होत नाही, पू साठत नाही, सूज उतरते, फाटे आटतात आणि नळी एकसंध होते. साधारण ६ ते १२ आठवड्यांनी पुढची, स्नायू वाचवणारी शस्त्रक्रिया होते (प्रश्न ९).

दोरा असताना अंघोळ, शौच, चालणं, काम सगळं चालतं. रोज धुताना तो थोडा फिरवायचा, म्हणजे गाठ एका जागी टोचत नाही. थोडा स्राव येणारच, तो येण्यासाठीच दोरा आहे. दोरा निसटून पडला तर स्वतः काही घालू नका, दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

आवळत जाऊन स्नायू कापणारा दोरा वेगळा. तो दुखतो आणि त्यातही स्नायूचं नुकसान होतंच, फक्त हळू. आपला दोरा यातला कोणता, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

८. क्षारसूत्र घ्यावं का? त्याने पुन्हा होत नाही म्हणतात.

क्षारसूत्र ही नीट अभ्यासली गेलेली पद्धत आहे. सुश्रुतसंहितेत तिचा उल्लेख आहे आणि विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात तिचं पुनरुज्जीवन झालं. २० नंबरच्या लिननच्या धाग्यावर २१ लेप देतात: ११ निवडुंगाच्या चिकाचे, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. धागा नळीतून ओवून बाहेर गाठ मारतात. दर आठवड्याला नवा धागा जुन्याच्या टोकाला बांधून ओढून घेतात. क्षाराने नळीचं अस्तर जळतं, धागा हळूहळू कापत बाहेर येतो आणि मागची जखम भरत जाते. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंमी असा हिशेब धरतात. म्हणजे ६ सेंमीच्या नळीला सहा आठवड्यांपासून बारा आठवड्यांपर्यंत फेऱ्या.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक केंद्रांवरच्या अभ्यासात वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि त्या वेळच्या शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळलं. बरं व्हायला मात्र ८ आठवडे विरुद्ध ४ आठवडे लागले.

आता अटी. धागा आतल्या तोंडातूनच गेलेला हवा, नाहीतर आठवड्यागणिक बदलूनही उपयोग नाही. फाटे असतील तर एका धाग्याने ते सुटत नाहीत. आणि उंच नळीत हाही धागा स्नायू कापतोच, त्यामुळे एमआरआयची गरज इथेही तीच. शल्यतंत्र (आयुर्वेदातली शस्त्रक्रिया) शिकलेल्या वैद्यांकडेच जा. नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, आधी तिथे विचारा. फेरी चुकली तर धाग्यातला क्षार संपलेला असतो आणि काम थांबतं. एसटीने दर आठवड्याला येणं-जाणं जमणार आहे का, याचा विचार पहिल्या धाग्याआधीच करा.

९. लिफ्ट आणि फ्लॅप म्हणजे काय? यात स्नायू खरंच वाचतो का?

वाचतो, कारण दोन्हींत बाहेरचं कडं कापत नाहीत.

लिफ्ट ही थायलंडच्या सर्जननी २००७ मध्ये मांडलेली पद्धत. दोन कड्यांच्या मधल्या खाचेवर दीड-दोन सेंमीचा छेद घेतात, तिथून जाणारी नळी सुटी करतात, आतल्या कड्याला लागून विरघळणाऱ्या टाक्याने बांधतात, मधला तुकडा काढतात, बाहेरचा भाग खरवडतात आणि बाहेरच्या कड्यातलं भोक शिवतात. निकाल मोठ्या फरकाने बदलतात, पण साधारण दहातले सहा-सात यशस्वी. चुकली तरी नळी बऱ्याचदा आखूड होऊन दोन कड्यांच्या मधेच उरते, आणि ती सोप्या पद्धतीने उघडता येते. आम्हाला लिफ्टचा हा गुण मोठा वाटतो. नळी दोरीसारखी तयार नसेल तर ती बांधताना फाटते, म्हणून आधी दोरा घालतात.

फ्लॅपमध्ये आतलं तोंड कापून काढून, स्नायूचं भोक शिवून, वरच्या निरोगी अस्तराचा पडदा खाली ओढून त्यावर बसवतात. पडद्याचा पाया टोकाच्या दुप्पट रुंद हवा, नाहीतर रक्तपुरवठा तुटून टोक काळं पडतं. टाक्यांवर ताण नको. खाली पू शिल्लक असेल किंवा रुग्ण बिडी-सिगारेट ओढत असेल तर फ्लॅप सुटण्याची शक्यता वाढते.

डॉ. पंकज गर्ग यांनी मांडलेली ट्रॉपिस ही भारतातली पद्धत उंच आणि नालासारख्या नळ्यांसाठी वापरतात. तीत दोन कड्यांमधली पूची जागा आतल्या बाजूने, गुदद्वारातून उघडतात आणि बाहेरच्या कड्याला हात लावत नाहीत.

१०. लेझरने "एका दिवसात, बिना जखमेचं" होतं म्हणून जाहिरात आहे. खरं आहे का?

त्याच दिवशी घरी जाता येतं आणि जखम बारीक असते, हे खरं. खात्री मात्र नाही. लेझरमध्ये नळीत सर्व बाजूंना उष्णता देणारी तार घालून ती सेकंदाला सुमारे १ मिमी या वेगाने मागे ओढतात. नळी आतून जळून आक्रसते. तार घाईने ओढली तर अस्तर उरतं, रेंगाळली तर आजूबाजूचा स्नायू भाजतो. रुंद नळी, फाटे, पूची पोकळी असेल तर फायदा कमी. यश साधारण दहात सहा. आतलं तोंड टाक्याने किंवा फ्लॅपने बंद केलं आहे का, हा प्रश्न इथेही विचारा.

कॅमेऱ्याची पद्धत, म्हणजे वाफ्ट, नळीच्या आतून पाहून फाटे शोधायला उपयोगी आहे. नळी बुजवायला वापरतात ते गोंद आणि प्लग यांत इजा जवळपास नाही, पण पुन्हा उघडण्याचं प्रमाण बरंच जास्त.

साधी, खालची नळी असताना लेझरचं महाग पॅकेज घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. तिथे प्रश्न ६ मधली पद्धत जास्त खात्रीची आणि स्वस्त आहे.

११. दोनदा ऑपरेशन झालं, तरी पुन्हा झालं. चूक कुठे होते?

सर्वांत मोठं कारण: आतलं तोंड सापडलं नाही, किंवा सापडलं पण बंद झालं नाही. बाहेर कितीही मोठा खड्डा केला तरी आतून घाण येत राहिली की वाट पुन्हा तयार होते.

गूडसॉलचा नियम सर्जनला दिशा देतो. बाहेरचं तोंड पुढच्या अर्ध्यात असेल तर नळी सरळ आत जाते, मागच्या अर्ध्यात असेल तर वळसा घेऊन ६ वाजता उघडते. पण पुढचं तोंड गुदद्वारापासून ३ सेंमीपेक्षा लांब असेल तर तीही वळसा घेऊन मागे जाऊ शकते. हा अपवाद विसरला की सरळ आत खणलं जातं आणि खरं तोंड मागे तसंच राहतं.

दुसरं, राहून गेलेला फाटा किंवा पूची पोकळी, विशेषतः माकडहाडापुढच्या खोल जागेतली. नालासारख्या भगंदरात मूळ तिथेच असतं. ती जागा मागून मोकळी करावी लागते आणि बाजूच्या फाट्यांना लहान छेद किंवा दोरे ठेवतात. तिसरं, सळईने झालेली खोटी वाट (प्रश्न ६). चौथं, जखम वरून मिटली आणि आत पोकळी राहिली, त्याचा संबंध ड्रेसिंगशी आहे (प्रश्न १२). पाचवं, न ओळखलेला टीबी, क्रोन्स किंवा हाताबाहेरची साखर. आणि कधी कधी ते भगंदर नसतंच. माकडहाडावरच्या केसांचा सायनस किंवा जांघेतल्या घामग्रंथींचा जुनाट आजार भगंदर समजून कापला जातो.

तिसऱ्यांदा टेबलावर जाण्याआधी एमआरआय, तुकड्याची तपासणी आणि आधीच्या ऑपरेशनची टिपणं हवीतच. स्नायू किती शिल्लक आहे हेही तपासायचं. सर्जनला हे विचारा: आतलं तोंड किती वाजता आहे? किती स्नायू कापावा लागेल? ही पद्धत चुकली तर पुढची पायरी कोणती? ज्यांच्याकडे या तिन्हींची सरळ उत्तरं आहेत त्यांच्याकडे थांबा.

१२. घरी ड्रेसिंग आणि शेक कसा घ्यायचा? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं.

रुंद घमेल्यात किंवा टबात ३-४ लिटर कोमट पाणी, मनगटाला सोसेल इतकंच गरम. दिवसातून तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर १० ते १५ मिनिटं बसायचं. मीठ, तुरटी, डेटॉल, सॅव्हलॉन काही घालू नका, त्याने नवीन मांस भाजतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी उकळून गार करून वापरा. एकाचं पाणी दुसऱ्याने किंवा त्याच पाण्यात पुन्हा बसायचं नाही. पाणी फारच कमी असेल तर एक लिटर कोमट पाणी तांब्याने सावकाश जखमेवर सोडा. उद्देश जखम धुण्याचा आहे, तेवढ्याने तो साधतो.

मग टिपून कोरडं करा, चोळू नका. स्वच्छ गॉजची पट्टी जखमेच्या दोन कडांच्या मधे हलकी ठेवायची, ठासून भरायची नाही. ठासल्याने दुखतं आणि जखम उशिरा भरते. हळद, तेल, राख लावू नका.

कडा एकमेकांना चिकटून वरून पूल झाला की खाली पोकळी राहते. म्हणून पहिले चार-पाच आठवडे दर आठवड्याला सर्जनने बोट फिरवून तळ पाहायला हवा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण त्यासाठी तालुक्याला जाणं टाळू नका.

१३. महिना झाला, अजून पाणी येतंय. पुन्हा झालं का?

लगेच तसं समजू नका. पातळ, गुलाबीसर किंवा पिवळट पाणी चार-सहा आठवडे येऊ शकतं. रोज थोडं कमी होत गेलं तर ठीक. घट्ट, वास येणारा पू, ताप, कमी झालेला ठणका पुन्हा वाढणं, किंवा जखम भरल्यावर शेजारी नवी पुळी, ही काळजीची लक्षणं. एमआरआय पुन्हा करायचा तर साधारण तीन महिन्यांनी, कारण त्याआधी भरणारी जखम आणि नळी चित्रात सारखीच दिसतात. बहुतेक वेळा पुन्हा व्हायचं ते पहिल्या वर्षात होतं, त्यामुळे वर्षभर अधूनमधून दाखवत राहा.

१४. खाणं, मोटारसायकल, शेतीकाम, ऊसतोड: काय कधी सुरू करू?

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक, सगळं चालतं. तिखटाने भगंदर होत नाही, पण ठेच्याने शौचाला जळजळ होईल, तेव्हा पहिले दोन आठवडे आवरा. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेल्याभर पाण्यातून घ्या आणि दिवसभर पाणी पीत राहा. खडा होणं आणि जुलाब दोन्ही वाईट.

बसून करायचं काम आठ-दहा दिवसांत, मोटारसायकल साधारण तीन आठवड्यांनी, ओझं उचलणं आणि वाकून खुरपणं जखम भरत आल्यावर. लिफ्ट किंवा फ्लॅप झाला असेल तर ओझ्याची घाई अजिबात नको, टाके सुटतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. दिवाळीनंतर निघायच्या तोंडावर जखम उघडी ठेवणारं ऑपरेशन करून घेऊ नका. कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, ना शेक होतो, ना दर आठवड्याची तपासणी. सैल दोरा घालून हंगाम काढता येतो (प्रश्न ७), आणि मुख्य शस्त्रक्रिया परत आल्यावर. दोरा कशाचा, कधी घातला, पुढे काय करायचं आहे हे लिहिलेलं पत्र जवळ ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या डॉक्टरला अंदाज येईल. मात्र गळू असेल तर मुकादम काहीही म्हणो, आधी ते रिकामं करा.

१५. तपासणीत टीबी निघाला. आता ऑपरेशन फुकट गेलं का?

नाही, उलट कारण सापडलं. आपल्याकडे भगंदराच्या नळीत टीबी निघणं नवलाचं नाही. जखम महिनोन् महिने न भरणं, कडा खालून पोखरलेल्या असणं, बारीक ताप, वजन घटणं यावरून शंका घ्यायची. काढलेल्या तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी, दुसरा साध्या सलाईनमध्ये सीबीनॅट (टीबीचे जंतू ओळखणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) यांसाठी. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर कल्चर होऊच शकत नाही. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, साधारण सहा महिने. तेवढ्याने बऱ्याच नळ्या मिटतात. कोर्स संपायच्या आत स्नायू कापणारी शस्त्रक्रिया करू नये.

१६. क्रोन्स आजार आहे. माझंही तसंच ऑपरेशन होईल का?

नाही. आतड्याची सूज चालू असताना कापलेलं भरत नाही. पू काढणं, सैल दोरा, आणि पोटविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं असा क्रम असतो. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी आवश्यक. अनेकांना दोरा वर्षभरही ठेवावा लागतो.

१७. बाईमाणसाच्या बाबतीत काय वेगळं?

पुढच्या बाजूला बाहेरचं कडं बारीक असतं आणि बाळंतपणात ते आधीच फाटलेलं असू शकतं. त्यामुळे पुढची नळी खालची दिसली तरी सरसकट उघडू नये. बाळंतपणं किती, टाके पडले होते का, खोकताना वायू सुटतो का, हे लाज न धरता सांगा. यावरच पद्धत ठरते. योनीमार्गातून वायू किंवा शौच येत असेल तर तो वेगळा आजार आहे. गरोदरपणात गळू झालं तर ते रिकामं करतात, भगंदराची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर.

१८. वर्षाच्या आतल्या बाळाला आहे. लगेच कापायचं?

बहुतेक वेळा नाही. हे मुख्यतः मुलग्यांत होतं आणि स्वच्छता ठेवून वाट पाहिली तर पुष्कळदा आपोआप मिटतं. बालशल्यचिकित्सकाला मात्र दाखवा.

१९. सरकारी दवाखान्यात किंवा योजनेत होतं का?

छत्रपती संभाजीनगरची घाटी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, या ठिकाणी शल्यचिकित्सा विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पॅकेजची यादी बदलत असते, म्हणून शस्त्रक्रियेचं नेमकं नाव सांगून आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भरती होण्याआधीच खात्री करा. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय बरोबर न्या.

२०. पंधरा वर्षांपासून आहे, अधूनमधून पू येतो, एरवी त्रास नाही. तसंच ठेवलं तर?

ठेवता येतं, पण न तपासता नाही. वय झालेल्या, दुसरे मोठे आजार असलेल्या, किंवा आधीच स्नायू कमजोर असलेल्या रुग्णात फक्त सैल दोरा कायम ठेवणं हा रास्त उपचार आहे. फार जुन्या भगंदरात क्वचित कर्करोग होतो. नळीतून बुळबुळीत, जेलीसारखा स्राव येऊ लागला, कडक गाठ लागली, रक्त यायला लागलं किंवा दुखणं सततचं झालं तर तुकडा तपासायलाच हवा, आणि तो कातडीवरून वरवर न घेता भूल देऊन नळीच्या आतून घ्यायला सांगा.